निळा ठिपका आला कुठून? एका अँटिकॅन्सर अर्काचं प्रकरण

हे प्रकरण कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या डिपार्टमेंटमधलं आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही, माणसांची नावंही नाहीत, आणि ज्या झाडाची पानं होती त्याचं नाव तर मुद्दामच नाही, कारण अशा लेखात झाडाचं नाव आलं की लगेच कुणीतरी फोन करून विचारतं की काढा किती उकळायचा. बाकी घडलं ते घडलं तसं सांगतो. झाडापाल्यातून कॅन्सरविरोधी पदार्थ शोधणाऱ्या कुठल्याही लॅबमध्ये हे होऊ शकतं, आणि मला तर वाटतं बऱ्याच ठिकाणी होऊन गेलंय, फक्त कुणाच्या लक्षात आलं नाही.

तर पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाची पोरगी, गाव राधानगरी तालुक्यातलं, लहानपणापासून रानात फिरलेली, झाड ओळखण्यात आमच्यातल्या कुणाहीपेक्षा पक्की. गाइड सर सिनियर, स्वभावानं चांगले पण घाईचे. मी सेल कल्चर बघतो, म्हणजे पेशी जिवंत ठेवणं, प्लेट लावणं, आकडे काढून देणं. अर्क कुठून आला, कसा काढला यात माझा काही संबंध नसतो, बाटली येते आणि मी टेस्ट करून देतो.

तिनं गगनबावड्याच्या बाजूनं एका झुडपाची पानं आणली, खासगी मालकीच्या रानातली, मालकाला विचारून. धुतली, सावलीत वाळवली (पावसाळा संपता संपता तिकडची पानं वाळवणं म्हणजे बुरशीशी शर्यत असते, ते असो), डिपार्टमेंटच्या पल्व्हरायझरवर दळली, पंचवीस-तीस ग्रॅम पावडर सॉक्सलेटमध्ये (गरम द्रावक परत परत फिरवून अर्क काढणारं काचेचं उपकरण) मेथॅनॉलवर चढवली, रोटाव्हेपरवर मेथॅनॉल उडवून टाकलं, खाली काळपट हिरवा चिकट अर्क राहिला, साधारण तीन ग्रॅम. त्यातला थोडा डीएमएसओ या द्रावकात विरघळवून माझ्याकडं.

एमटीटी टेस्ट बहुतेकांना माहीत असते, पण थोडक्यात सांगतो. ९६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये कॅन्सरच्या पेशी लावायच्या, दुसऱ्या दिवशी अर्काचे वेगवेगळे डोस द्यायचे, ठराविक तास ठेवायचं, मग एमटीटी नावाचा पिवळा क्षार टाकायचा. जिवंत पेशी त्याचं जांभळं फॉर्मॅझान बनवतात, मेलेल्या बनवत नाहीत, मग ५७० नॅनोमीटरला रीडिंग. जांभळं जास्त तर पेशी जिवंत. जो डोस निम्म्या पेशी कमी करतो तो आयसी५०. आम्ही हेला (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या) आणि एमसीएफ-७ (स्तनाच्या कॅन्सरच्या) अशा पेशींच्या दोन सेल लाइन वापरल्या, ७२ तास.

सकाळी तीच पळत आली. "सर, प्लेट बघा की जरा."

"कंट्रोल बघितलास का आधी?"

"बघितलाय सर. नुसत्या डीएमएसओचा कंट्रोल गडद जांभळा हाय. आपलेच वेल फिके पडलेत."

आकडा काढला तर हेलावर आयसी५० वीस मायक्रोग्रॅम प्रति मिलीच्या आत. ज्यांना या आकड्याचं गांभीर्य माहीत नाही त्यांच्यासाठी, अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटच्या स्क्रीनिंगपासून एक ढोबळ निकष चालत आलाय: कच्चा अर्क असेल तर २० किंवा त्याखाली, शुद्ध पदार्थ असेल तर ४ किंवा त्याखाली आला तर पुढं जायचं. आपल्याकडं शंभर-दीडशे मायक्रोग्रॅमला निम्म्या पेशी मेल्या तरी "उत्तम कॅन्सरविरोधी गुणधर्म" असं छापून येतं, त्याला माझ्या मते काही अर्थ नाही, एवढ्या डोसला चहाच्या पावडरीचा अर्कही काहीतरी करून दाखवेल. पण वीसच्या आत, तेही पानाच्या कच्च्या अर्कात, म्हणजे आत काहीतरी तगडं आहे. सर खूश. त्या दिवशी सगळ्यांना मिसळ.

मग नेहमीचा मार्ग. अर्क पाण्यात मिसळून आधी हेक्झेन, मग क्लोरोफॉर्म, मग इथाइल ॲसिटेट असं एकामागून एक काढायचं, प्रत्येक भाग पेशींवर बघायचा, ज्यात जोर आहे तोच पुढं न्यायचा. जोर सगळा क्लोरोफॉर्ममध्ये आला. त्याचा सिलिकाचा कॉलम (पदार्थ वेगळे करायची सिलिका भरलेली नळी) लावला, क्लोरोफॉर्ममध्ये मेथॅनॉल वाढवत वाढवत फ्रॅक्शन, म्हणजे एकेक भाग, गोळा केले, टीएलसी केली, म्हणजे सिलिकाच्या पातळ प्लेटवर थेंब लावून घटक ठिपक्या-ठिपक्यांनी वेगळे केले. यूव्ही कॅबिनेटमध्ये ३६५ नॅनोमीटरला क्लोरोफिलचे लालभडक पट्टे दिसतात, त्यांच्या खाली एक ठिपका, स्वच्छ निळा. जिथं हा ठिपका तिथं पेशी मरतात, जिथं नाही तिथं काही नाही. इतकं सरळ जुळणं क्वचित होतं.

निळं चमकतंय म्हटल्यावर मी सहज बोललो, "हे नरक्यासारखं दिसतंय गं." आमच्या भागात निळा ठिपका म्हटलं की पहिलं नाव डोक्यात तेच येतं. नरक्या, काही लोक अमृताही म्हणतात, सह्याद्रीतलं छोटं झाड, त्यात कॅम्प्टोथेसिन असतं. याच कॅम्प्टोथेसिनपासून टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही कॅन्सरची औषधं तयार झाली, आणि त्याच्यापायी कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या जंगलात नरक्याची चोरटी तोड किती झाली ते इथल्या पेपरात अधूनमधून येतच असतं. तिनं लगेच ड्रॅगनडॉर्फचा स्प्रे मारून बघितला. अल्कलॉइड (झाडातला नायट्रोजन असलेला, बहुधा बेसिक पदार्थ) असेल तर नारंगी डाग येतो. आला नाही. सर म्हणाले, "कॅम्प्टोथेसिन अल्कलॉइड आहे, इथं अल्कलॉइडच नाही, विषय संपला. कूमरीन असणार." कूमरीनं (झाडांत सापडणाऱ्या पदार्थांचा दुसरा एक गट) पण निळी चमकतात, त्यामुळं ते पटण्यासारखं होतं, आणि विषय खरंच संपला, काही महिने तरी.

आता जे खटकायला पाहिजे होतं ते.

पहिलं म्हणजे डोसचा आलेख. साधारणपणे डोस वाढवत गेलं की जिवंत पेशी कमी कमी होत शून्याकडं जातात. इथं थोड्या डोसला झपकन उतरायचं आणि मग तिथंच आडवं व्हायचं, डोस पाचपट केला तरी उरलेल्या पेशी तेवढ्याच. २४ तासांच्या प्लेटमध्ये तर जवळपास काहीच दिसत नव्हतं, ७२ ला मात्र भरपूर. कच्च्या अर्कातली टॅनिन, सॅपोनिन असली मंडळी अशी वागत नाहीत, ती पेशीचं आवरण फोडतात किंवा प्रोटीन गोठवतात, त्यांना वेळ लागत नाही आणि ती कुणाला सोडतही नाहीत. आलेख आडवा होणं म्हणजे पदार्थ फक्त विभाजनाच्या तयारीत असलेल्या, डीएनएची नक्कल काढत असलेल्या पेशींनाच पकडतोय.

दुसरं म्हणजे बॅच. पदार्थ संपत आला म्हणून तिनं उन्हाळ्यात परत पानं आणली. नेमका तेव्हा पल्व्हरायझर दुरुस्तीला गेलेला. कांडपावर न्यायला आमच्याकडं सक्त बंदी आहे, कारण उन्हाळ्यात कोल्हापुरातल्या कुठल्याही कांडपात मिरचीच चालू असते आणि मग तुमच्या अर्कात कॅप्सेसिन निघतं. तिनं घरच्या मिक्सरला नवीन भांडं आणून, आईची बोलणी खाऊन, पानं घरीच दळली. बाकी सगळं तेच, माणूस तोच, मेथॅनॉल तेच. आणि अर्क एकदम थंड. शंभर मायक्रोग्रॅमलाही पेशी मजेत. ठिपका गायब.

सरांचं म्हणणं, सीझन. यात चूक काही नाही, झाडातले पदार्थ ऋतूप्रमाणं, पानाच्या वयाप्रमाणं, उंचीप्रमाणं खरंच बदलतात, नरक्यातसुद्धा झाडागणिक कॅम्प्टोथेसिन कमीजास्त असतं हे माहीत असलेलं आहे. म्हणून थंडी येईपर्यंत थांबले. तिसरी बॅच परत डिपार्टमेंटमध्ये दळली, ठिपका परत आला, पण पुसट, आणि जोरही कमी. झालं, "पावसाळ्यानंतर सर्वाधिक, हिवाळ्यात मध्यम, उन्हाळ्यात शून्य" असा तक्ता तयार, आणि सिनॉप्सिसमध्ये ऋतुमानाप्रमाणं होणाऱ्या बदलाचं एक अख्खं प्रकरण टाकायचं ठरलं. मला हा तक्ता बघून जरा गंमत वाटली होती, पण तीन बिंदूंना सुंदर गोष्ट जोडता येते हे आपल्या क्षेत्रात कुणाला नवीन नाही.

पहिल्या बॅचमधून कॉलमवर परत परत चढवून तिनं थोडासा फिकट पिवळा पदार्थ जमवला आणि मास स्पेक्ट्रमला, म्हणजे रेणूचं वजन काढायला, पाठवला. रिपोर्ट आला: ३४९, आणि तो फोडल्यावर ३०५. म्हणजे ४४ गेले, कार्बन डायऑक्साइड गेला. कॅम्प्टोथेसिनचं सूत्र सी२० एच१६ एन२ ओ४, वजन ३४८, एक प्रोटॉन चिकटला की ३४९. आणि त्यातलं लॅक्टोन रिंग (रेणूतलं अणूंचं एक कडं) ४४ सोडतं. ओळखीच्या पदार्थांच्या लायब्ररीनंही तेच नाव वर दिलं.

मग ड्रॅगनडॉर्फ का नाही आला? कारण कॅम्प्टोथेसिन नावाला अल्कलॉइड आहे, वागायला नाही. त्यातले नायट्रोजन बेसिक वागत नाहीत, आम्लाबरोबर धड क्षार बनत नाही, त्यामुळं अल्कलॉइडच्या नेहमीच्या टेस्टना ते बऱ्याचदा दाद देत नाही. हे १९६६ मध्ये ते पहिल्यांदा वेगळं केलं तेव्हाच लक्षात आलेलं आहे. वेगळं करणारे दोघं, मन्रो वॉल आणि मनसुख वाणी, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामध्ये, एका चिनी झाडातून. वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकलेले, आणि याच जोडीनं १९७१ मध्ये टॅक्सॉलची रचनाही मांडली. एका माणसाच्या हातून कॅन्सरच्या औषधांची दोन घराणी निघाली आणि आपल्याकडं बीएस्सीच्या पोरांना त्यांचं नाव माहीत नसतं, याचा मला राग येतो. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी आपल्या नरक्यात तेच कॅम्प्टोथेसिन असल्याचं दाखवलं, म्हणून तर हे झाड जगाला माहीत झालं.

आलेख आडवा का होता तेही आता उलगडलं. डीएनएची नक्कल निघताना दोरीला पडतो तसा पीळ पडतो, तो सोडवायला टोपोआयसोमरेज-१ हे एन्झाइम एक धागा कापतं, पीळ सोडतं, परत जोडतं. कॅम्प्टोथेसिन ते एन्झाइम कापलेल्या अवस्थेतच अडकवून ठेवतं, नक्कल काढणारी यंत्रणा येऊन त्याच्यावर आदळते आणि डीएनए तुटतो. हे कळायला १९८५ उजाडलं. नक्कलच चालू नसेल तर आदळायला कुणी येत नाही, पेशी वाचते. म्हणून २४ तासात थोडं, ७२ तासात जास्त, आणि डोस वाढवून फारसा फायदा नाही.

इथून पुढं प्रकरणातला खरा नाजूक भाग. सरांच्या चेहऱ्यावर एकदम तेज आलं, कारण नवीन झाडात कॅम्प्टोथेसिन म्हणजे नवीन सोर्स, आणि नवीन सोर्स म्हणजे चांगला पेपर, वर नरक्या तोडायला नको असा पर्यावरणाचा मुद्दा फुकट. आणि हे अशक्यही नव्हतं. कॅम्प्टोथेसिन एका कुळापुरतं मर्यादित नाही, एकमेकांशी काही नातं नसलेल्या कुळांमध्ये ते सापडलंय, ऑफिओरायझा नावाच्या वनस्पतीत आहे, तगरीच्या एका जंगली भावंडात आहे. शिवाय नरक्यात राहणाऱ्या एका बुरशीतून कॅम्प्टोथेसिन मिळाल्याचा रिपोर्ट २००५ चा आहे. म्हणजे "हे झाड बनवत नसेल तर त्याच्या आतली बुरशी बनवत असेल" ही पळवाटसुद्धा तयार. पेपरचा आराखडा दोन दिवसांत झाला, पेटंटचं बोलणं निघालं.

पोरगी मात्र गप्प. मला म्हणाली, "सर, माझ्या झाडाला आमच्या गावात शेरडं खातात. नरक्याचं पान असलं असतं तर शेरडं शहाणी असतात, तोंड लावत नाहीत." हा काही शास्त्रीय पुरावा नाही, पण तिच्या मनात किडा पडला होता आणि तो बरोबर ठिकाणी पडला होता.

पहिली शंका तिनं स्वतःवरच घेतली, की तोडताना शेजारच्या नरक्याची पानं मिसळली असतील. हर्बेरियम शीट (ओळख पटवायला दाबून ठेवलेला नमुना) काढली, वाळवलेली उरलेली पानं एकेक करून बघितली, सगळी त्याच झुडपाची. मग साखळीतली एकेक कडी रिकामी चालवून बघायची ठरली. सॉक्सलेटमध्ये नुसता फिल्टर पेपर आणि मेथॅनॉल: स्वच्छ. रोटाव्हेपर, त्याचा वरचा बल्ब धुवून: स्वच्छ. मेथॅनॉलचा कॅन, क्लोरोफॉर्मची बाटली, सिलिका: स्वच्छ. सगळं थेंबभर उरेपर्यंत आटवून टीएलसीवर लावलं, निळं काही नाही. सर म्हणाले, बघा, सांगत होतो.

तेव्हा आमचे लॅबचे मामा, जे हे सगळं दोन दिवस शांतपणे काचा धूत ऐकत होते, ते म्हणाले, "ताई, दळायच्या मशीनचं बघितलं का? मागं ते एक सर होते न्हवं, त्यांनी लाकडाचं तुकडं दळून दळून ब्लेड बोथट केलं होतं. म्या तवाच बोललो होतो, हे पानं दळायचं मशीन हाय, लाकूड घालू नका."

ते एक सर म्हणजे आमचाच जुना विद्यार्थी, वनखात्याची रीतसर परवानगी काढून नरक्याच्या खोडावर काम केलेला, डिग्री घेऊन केव्हाच गेलेला. खोडाच्या लाकडात कॅम्प्टोथेसिन पानापेक्षा जास्त.

आता मशीन रिकामं कसं चालवायचं? मेथॅनॉल तर ओतता येत नाही त्यात. काहीतरी कोरडं, कडक, घासून सगळं बाहेर आणणारं, आणि ज्यात स्वतःचं निळं काही नाही असं दळायला पाहिजे. तिनं मामांच्या घरून रेशनचा तांदूळ मागवला. अर्धा तांदूळ पल्व्हरायझरवर, अर्धा नवीन खलबत्त्यात कुटून, दोन्हींचा वेगवेगळा मेथॅनॉल अर्क, दोन्ही एकाच टीएलसी प्लेटवर शेजारी शेजारी, तिसरीकडं फ्रीजरमध्ये पडलेलं जुनं कॅम्प्टोथेसिन स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठीचा शुद्ध नमुना. दिवा लावला. खलबत्त्यातला तांदूळ काळाकुट्ट, काही नाही. मशीनमधला तांदूळ निळा. स्टँडर्डच्या अगदी बरोबरीच्या उंचीवर. दोन्ही एकाच जागी एकावर एक लावले तरी एकच ठिपका.

सर बराच वेळ काही बोलले नाहीत.

खात्री करायला तिनं अजून एक स्वस्तातली युक्ती केली जी मला फार आवडली. कॅम्प्टोथेसिनचं लॅक्टोन रिंग अल्कलीत उघडतं आणि पदार्थ पाण्यात जातो, आम्ल घातलं की रिंग परत बंद आणि पदार्थ परत क्लोरोफॉर्ममध्ये. तांदळाच्या अर्काचा क्लोरोफॉर्म घेतला, पातळ सोडियम हायड्रॉक्साइड घालून हलवलं, दिव्याखाली निळी चमक खालच्या क्लोरोफॉर्ममधून वरच्या पाण्यात गेली. पाणी वेगळं करून आम्ल घातलं, नवीन क्लोरोफॉर्म घालून हलवलं, चमक परत खाली. (याच उघड्या रिंगनं सत्तरच्या दशकात घोटाळा केला होता, कॅम्प्टोथेसिन पाण्यात विरघळत नाही म्हणून पेशंटना त्याचं सोडियम सॉल्ट दिलं, कॅन्सरवर फारसा असर नाही आणि लघवीच्या आम्लात रिंग परत बंद होऊन मूत्राशयातून रक्त. औषध बाजूला पडलं ते थेट १९९६ मध्ये टोपोटेकान-इरिनोटेकानला अमेरिकेत मान्यता मिळाली तेव्हा त्याचं घराणं परत वर आलं.)

मग मामांनी मशीन खोललं. ब्लेडच्या मागं, शाफ्टच्या वॉशरभोवती आणि जाळीच्या कडेला फिकट पिवळट भुकटीचा थर दाबून बसलेला, वर हिरव्या पानांची पावडर. दुकानदार नोटा तपासायला वापरतात तो छोटा यूव्ही दिवा धरला तर थर निळा चमकतोय. दुरुस्तीला गेलं तेव्हा मोटर बदलली होती, हे कुणी खोललंच नव्हतं.

सर तरी एकदा म्हणाले की एवढ्याशा भुकटीनं तीन ग्रॅम अर्क एवढा जहाल कसा होईल. मुद्दा बरोबर होता म्हणून आम्ही फळ्यावर गणित मांडलं. नरक्याच्या लाकडात कॅम्प्टोथेसिन ०.१ ते ०.३ टक्के धरा. पहिल्या बॅचमध्ये एक-दीड ग्रॅम लाकडाची भुकटी आली असं समजा, म्हणजे तीनेक मिलिग्रॅम कॅम्प्टोथेसिन. अर्क तीन ग्रॅम, म्हणजे अर्काचा एक हजारावा भाग. पेशींना २० मायक्रोग्रॅम प्रति मिली अर्क दिला की त्यात कॅम्प्टोथेसिन २० नॅनोग्रॅम. ३४८ नं भागा, साधारण ५७ नॅनोमोलर. आणि कॅम्प्टोथेसिन ७२ तासांच्या टेस्टमध्ये नॅनोमोलर पातळीवरच काम करतं. गणित चपखल बसलं. पानाला काहीच करायला लागलं नाही.

मी हौसेखातर रेशनच्या तांदळाचा अर्कही हेलावर लावला. तिसऱ्या बॅचच्या पानापेक्षा तांदूळ जास्त जहाल निघाला! कारण सरळ आहे, तांदळातून मेथॅनॉलमध्ये फारसं काही उतरत नाही, अर्कच चिमूटभर, त्यामुळं त्यात भेसळीचा वाटा मोठा. पण विचार करा, हीच प्लेट कुणी तांदळाच्या पारंपरिक जातीची म्हणून लावली असती तर काय काय छापून आलं असतं.

शेवटची खात्री: ती परत गगनबावड्याला गेली, त्याच झुडपांची ताजी पानं, पावसाळा संपतानाच, पहिल्या बॅचचाच सीझन. नवीन खलबत्ता, नवीन काच, बाकी सगळं पहिल्यासारखं. निळा ठिपका नाही. आयसी५० शंभरच्या वर, दोन्ही सेल लाइनवर. ऋतूंचा तक्ता कचऱ्यात. त्या झुडपात, निदान मेथॅनॉलमध्ये उतरणारं असं, पेशींना जड जाईल असं काही नाही.

इथं माझं मत लिहितो, पटो न पटो. सगळे ड्रॅगनडॉर्फला दोष देतात, मी देत नाही, ती टेस्ट जे सांगते तेवढंच सांगते. घोळ आकडा चांगला आला तिथून सुरू झाला. वाईट आकडा आला असता तर आम्ही पहिल्याच दिवशी मेथॅनॉलपासून मशीनपर्यंत सगळं तपासलं असतं. फ्रीजरमध्ये स्टँडर्ड पडलेलं होतं, ठिपक्याशेजारी ते लावायला दहा मिनिटं लागतात, आणि आमच्यासारख्या भागात जिथं दर दुसऱ्या लॅबमधून नरक्या जाऊन आलाय तिथं हे कॉलम लावायच्या आधी करायला पाहिजे. माहीत असलेला पदार्थ परत शोधण्यात वर्ष घालवायचं नाही म्हणून मोठ्या लॅब अर्क आला की पहिलं मास बघतात, शेवटी नाही. आपल्याकडं उलटं, कारण मासला पैसे लागतात आणि कॉलमला पोरांचा वेळ, जो फुकट धरला जातो.

आणि एक, आमच्या प्लेटमध्ये नॉर्मल पेशी नव्हत्याच सुरुवातीला. मागाहून एल९२९ या उंदराच्या पेशींवर पहिल्या बॅचचा अर्क बघितला तर त्याही तितक्याच मरत होत्या, साहजिक आहे, त्याही विभाजन करतात. नॉर्मल पेशींवर किती आणि कॅन्सरवर किती हे शेजारी ठेवल्याशिवाय "कॅन्सरविरोधी" हा शब्द वापरायला मी आता कुणाला सही देत नाही. त्यावरून दोन जण माझ्यावर नाराज आहेत, असू देत.

पोरीचं काय झालं? प्री-पीएचडी सेमिनारला तिनं हे सगळं जसंच्या तसं मांडलं, तांदळासकट. बाहेरून आलेल्या एका परीक्षकांनी सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच विचारले आणि सगळ्यात जास्त वेळ तेच ऐकलं. विषयाची चौकट थोडी बदलून मिळाली, आता ती तिच्या यादीतल्या दुसऱ्या दोन झाडांवर काम करतेय, पण उशीर झालाच, फेलोशिप संपत आलीय, घरचे लग्नाचं बोलतायत. सरांनी पेटंटचा कागद परत घेतला. त्याबद्दल त्यांना मानतो मी, कारण तेव्हा कुणी विचारणारं नव्हतं.

मशीन साफ केलं, वॉशर बदलला, आणि आता प्रत्येक बॅचच्या आधी तांदूळ दळून त्याची टीएलसी लावायची असा नियम झालाय. नवीन पल्व्हरायझरचा प्रस्ताव ऑफिसात आहे.

राहिला एक विषय. नरक्या दळल्यापासून ते मशीन खोलेपर्यंत त्यावर अजून कुणाकुणाचे नमुने दळले गेले ते मामांच्या रजिस्टरवरून काढलं, फ्रीजरमधले जुने अर्क शोधून सगळ्यांची टीएलसी लावली. बहुतेक स्वच्छ. दोन निळे. त्यातला एक कुठं छापलेला नाही. दुसऱ्याचा पेपर आलेला आहे, मुख्य काम अँटिऑक्सिडंटचं, ते कदाचित ठीक असेल, पण त्यात एमसीएफ-७ चा एक आलेख आहे आणि तो आलेख शेवटी आडवा होतो. ज्याचा पेपर तो आता पुण्यात एका कंपनीत आहे. त्याला फोन करून जर्नलला पत्र पाठवायला पाहिजे म्हटलं, तो म्हणाला, "सर, पाठवा पत्र, माझी हरकत नाही, फक्त आधी ताज्या पानांवर परत करून बघूया." झाड त्याचं आंबोलीकडचं, फुलोऱ्याच्या वेळेलाच ओळखू येतं, त्यामुळं तोपर्यंत संपादकांना पाठवायचं पत्र ड्राफ्टमध्येच आहे.